सोप्या फायटिंग गेमपासून सुरुवात करून कुणाला स्ट्रीट फायटर ६ शिकवता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही स्ट्रीट फायटर ६ खेळता, दोन रूममेट्सना त्याची गोडी लावायची आहे, पण चार-पाच मॅच हरले की ते कंट्रोलर खाली ठेवतात. मग आधी एखादा सोपा फायटिंग गेम खेळायला दिला तर फायदा होईल, की उलट नको त्या सवयी लागतील?

फायदा होतो. मी हे आधी माझ्या भाच्याबरोबर आणि नंतर ऑफिसमधल्या दोघांबरोबर करून पाहिलंय. नको त्या सवयीही लागतात, हेही खरं. पण त्या कोणत्या हे आपल्याला आधीच ठाऊक असेल, तर दोन संध्याकाळी त्या मोडायला पुरतात.

भाचा तेव्हा तेरा वर्षांचा. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता. मी त्याला थेट स्ट्रीट फायटर ६ लावून दिला, क्लासिक कंट्रोल्सवर (म्हणजे मूव्हसाठी दिशा फिरवून बटण दाबायची जुनी पद्धत), ऱ्यू हे पात्र देऊन. म्हटलं, हदोकेन, म्हणजे ऱ्यूचा फेकायचा ऊर्जेचा गोळा, शिक: खाली, खाली-पुढे, पुढे आणि तिथेच पंच. अर्धा तास तो तेवढंच करत होता. पाचातला एक निघायचा. मॅच सुरू झाल्यावर मी बघितलं तर त्याची नजर पडद्यावर नव्हतीच, स्वतःच्या अंगठ्यावर होती. मी उडी मारून त्याच्या डोक्यावर येतोय हे त्याला दिसतच नव्हतं. आठ मॅच हरल्यावर तो म्हणाला, "मामा, तू फास्ट दाबतोस म्हणून जिंकतोस."

मी अजिबात फास्ट दाबत नव्हतो. तो हवेत फटका मारायचा, त्याचा पाय पुढे अडकलेला असायचा आणि मी एक किक मारायचो, एवढंच चाललं होतं. पण हे त्याला सांगून कळणार नव्हतं, कारण त्याला त्याची चूक दिसतच नव्हती. बोटं जमत नाहीत म्हणून आपण हरतो अशी त्याची खात्री पटली होती. नवीन माणूस खेळ सोडतो तो या समजुतीपायी. सोपा गेम द्यायचा तो ही समजूत काढण्यासाठी.

त्या रात्री मी फुट्सीज नावाचा छोटा गेम उतरवून घेतला. हायफाइट नावाच्या एका निर्मात्याने २०१८ मध्ये केलेला, फुकट. डावीकडे, उजवीकडे आणि एक हल्ल्याचं बटण, संपलं. उडी नाही, खाली बसणं नाही, चेंडूसारखं काही फेकणं नाही. दोन राखाडी-काळी माणसं समोरासमोर. साधा फटका लागला किंवा ब्लॉक झाला (समोरच्याने मागची दिशा धरून अडवला) तर पुन्हा बटण दाबून जोराचा फटका काढता येतो, नाहीतर बटण धरून ठेवून सोडायचं. तो जोराचा फटका लागला की राउंड तिथेच खलास.

एकाच कीबोर्डवर आम्ही शेजारी शेजारी बसलो. पहिल्या दहा राउंड मी जिंकलो आणि या वेळी त्याच्याकडे कारण उरलं नाही. बटणच एक आहे, फास्ट काय दाबणार? तो थांबला. कीबोर्डवरून हात काढून म्हणाला, "तू माझ्या पायाच्या जरासा बाहेर उभा राहतोस ना?" माझ्या अंगावर काटा आला. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. पुढच्या राउंडला तो अर्धं पाऊल पुढे आला आणि लगेच मागे गेला. मी किक मारली, ती हवेत गेली, आणि माझा पाय परत येण्याआधी त्याने मला उडवलं. खेळाडू याला व्हिफ पनिश म्हणतात: समोरच्याचा फटका हुकवायचा आणि तो सावरायच्या आत मारायचं. स्ट्रीट फायटरमध्ये हे कळायला मला स्वतःला कितीतरी महिने लागले होते. त्याला ते एका संध्याकाळी कळलं.

इथे एक फरक नीट सांगायला हवा, कारण सोपेपणा दोन तऱ्हेचा असतो. आमच्या लहानपणी गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टेकन ३ हा फायटिंग गेम होता. तिथे नवीन पोराला मोठी मुलं सांगायची, एडी घे आणि नुसत्या किक दाबत राहा. एडी गॉर्डोच्या त्या कापोइरातल्या गिरक्यांनी कुणीही नवखा दुसऱ्या नवख्याला हरवायचा. पण आपण का जिंकलो हे एडीवाल्याला कधीच कळायचं नाही, आणि ज्याला ब्लॉक करता येतो असा मुलगा समोर आला की त्याचं सगळं संपायचं. असा सोपेपणा खेळ झाकून टाकतो. फुट्सीजचा सोपेपणा खेळ उघडा करून दाखवतो. रूममेट्ससाठी गेम निवडताना एवढं एकच तपासा: हरल्यावर "का हरलो" हे त्यांना स्वतःला दिसतंय का?

फुट्सीज मात्र दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. त्यात पात्रं नाहीत, रंग नाहीत. म्हणून पुढची पायरी फँटसी स्ट्राइक. हा २०१९ मध्ये आला आणि २०२० मध्ये फुकट झाला. तो करणारा डेव्हिड सर्लिन आधी स्ट्रीट फायटर २ च्या २००८ सालच्या एचडी रीमिक्स आवृत्तीवर डिझायनर होता, आणि तिथेही त्याने काही मूव्ह्ज काढायला सोप्या करून टाकल्या होत्या. फँटसी स्ट्राइकमध्ये अर्धवर्तुळं फिरवावी लागत नाहीत, प्रत्येक स्पेशल (हदोकेनसारखी पात्राची खास मूव्ह) एका बटणावर आहे. खाली बसणं नाही. जीव लांब पट्टीत नाही, मोजक्या ठोकळ्यांत आहे, त्यामुळे "अजून दोन फटके, मग मी गेलो" असं मोजता येतं. नवीन माणसाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

पण मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती थ्रोची व्यवस्था. समोरचा नुसता ब्लॉक करून बसला तर त्याला धरून आपटायचं, याला थ्रो. यातून सुटायला स्ट्रीट फायटरमध्ये नेमक्या वेळी बटणं दाबावी लागतात. फँटसी स्ट्राइकमध्ये काहीच करायचं नाही. दिशा नाही, बटण नाही, हात उचलायचे. त्या क्षणी समोरच्याने थ्रो केला तर तो उलटतो आणि मार त्यालाच बसतो. मात्र त्याने थ्रोऐवजी साधा फटका मारला, तर हात सोडून बसलेल्याला तो लागतो, कारण ब्लॉक धरलेला नसतो. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच: आता हा मला धरणार की मारणार? याला या खेळातले लोक योमी म्हणतात. जपानी शब्द आहे, समोरच्याचं मन वाचणं अशा अर्थाचा.

भाच्याला हे तोंडी सांगितलं तेव्हा पटलं नाही. मग मी त्याला लागोपाठ तीन वेळा धरून आपटलं. चौथ्या वेळी मी जवळ गेलो तसे त्याने दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले, कंट्रोलर मांडीवर, आणि पडद्यावर माझाच माणूस भिरकावला गेला. "मामा, मी हात सोडले होते!" तो इतक्या जोरात ओरडला की ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पुढच्या वेळी मी जवळ जाऊन साधा फटका मारला, तो त्याला बसला, आणि तो हसत म्हणाला, "आता तू ओळखलंस." तिथून पुढे तो माझ्याशी खेळायला लागला. तोवर तो नुसता कंट्रोलरशी झगडत होता.

आणखी एक सोय म्हणजे यातली पात्रं जुन्या घराण्यांवर बेतलेली आहेत. ग्रेव्ह लांबून मारतो आणि कुणी उडी मारून आला तर त्याला खालून वर उडवतो, म्हणजे ऱ्यूचंच काम. रूक हा धरून आपटणारा, स्ट्रीट फायटरमधल्या झँगीफच्या जातीचा. गायगर थोडा वेळ पुढे न चालता राहिला की त्याचा फेकायचा हल्ला तयार होतो. स्ट्रीट फायटरमधला गाइल खेळणाऱ्याला मागची दिशा धरून ठेवावी लागते, त्याची ही हलकी तालीम. रूममेट्सपैकी कोण कुणाकडे ओढला जातो यावरून पुढे स्ट्रीट फायटरमध्ये त्याला काय द्यायचं हे आपोआप कळतं. आमचा भाचा रूकवर जडला. तो स्ट्रीट फायटर ६ कडे वळला तेव्हा झँगीफ ठरलेलाच होता.

आता सवयींचं. ही बाजू तुम्ही मनापासून विचारली आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली, हात सोडण्याची. स्ट्रीट फायटर ६ मध्ये आल्यावर भाच्याने थ्रो येताना हात वर केले आणि आपटला गेला. अंदाज बरोबर होता, उत्तर चुकलं होतं. मी त्याला तेच सांगितलं: "तू बरोबर ओळखलंस, फक्त इथे सोडायचं नाही, थ्रोचं बटण दाबायचं." दुसऱ्या संध्याकाळी बोटं वळली. अंदाज बांधायला शिकवणं कठीण असतं, ते काम आधीच झालेलं होतं.

दुसरी, खाली बसून ब्लॉक करण्याची सवयच नसणं. फँटसी स्ट्राइकमधून आलेला माणूस उभ्यानेच ब्लॉक करतो आणि पायावर मार खात राहतो. हा नुसता अभाव आहे, आणि तो पहिल्याच दिवशी भरून काढा. मी कोणतीही स्पेशल न वापरता फक्त खालच्या किक आणि थ्रो वापरत अर्धा तास खेळलो. त्याला सांगितलं, खाली-मागे धरून ठेव, मी धरायला आलो तरच वेगळं काही कर. उभ्यानेच अडवावे लागणारे वरचे फटके मी दोन दिवसांनी आणले.

तिसरी अडचण म्हणजे स्ट्रीट फायटर ६ मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट, तो रंग उडवत येणारा मोठा ठोसा. त्याला समांतर असं सोप्या गेममध्ये काहीच नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण त्यावरच मरतो. यासाठी सोपा गेम शोधू नका, ट्रेनिंग मोड आहे. तिथल्या सरावाच्या बाहुल्याला तो ठोसा रेकॉर्ड करून द्या आणि रूममेटला सांगा, दिसला की तूही तोच मार. ठोसा पोचायला २६ फ्रेम लागतात, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा थोडं कमी. नव्या माणसाला सावध असताना हे जमतं. मॅचमध्ये जमायला दिवस जातात, जाऊ द्या.

तुम्ही म्हणाल, स्ट्रीट फायटर ६ मध्येच मॉडर्न कंट्रोल्स आहेत, एका बटणावर स्पेशल निघते, मग वेगळा गेम कशाला? मॉडर्न फार चांगली सोय आहे आणि मी भाच्याला फँटसी स्ट्राइकनंतर तिथेच नेलं. सोप्या पद्धतीने काढलेल्या स्पेशलचा मार २० टक्के कमी होतो आणि काही साधे फटके मिळत नाहीत, एवढीच किंमत. पण मॉडर्नने फक्त बोटांचा भार हलका होतो. खास हालचालींसाठीच्या ऊर्जेची सहा घरांची ड्राइव्ह पट्टी, ती संपल्यावरची बर्नआउटची दमछाक, पॅरी (फटका परतवणं), रश (झपाट्याने पुढे धावणं), तीन पातळ्यांची सुपर (सगळ्यात मोठा हल्ला), हे सगळं पहिल्या सेकंदापासून अंगावर येतं. कशामुळे हरलो हे त्या गर्दीत दिसत नाही. ते आधी कुठेतरी दिसलेलं असावं, म्हणून हा वळसा.

ऑफिसमधल्या एकीच्या बाबतीत मात्र मी हा वळसा घेतला नाही. तिला स्ट्रीट फायटर ६ मधली जुरीच खेळायची होती, तिची चाल, तिचं ते हसणं आवडलं होतं म्हणून. अशा माणसाला दोन राखाडी बाहुल्यांपुढे बसवणं मला अन्यायाचं वाटलं. ती थेट मॉडर्नवर जुरी घेऊन बसली आणि हरत हरत शिकली, कारण जुरी पडद्यावर असणं हेच तिला पुरेसं होतं. तुमच्या रूममेट्सपैकी कुणाचा जीव एखाद्या पात्रावर जडला असेल तर त्याला तेच पात्र द्या.

बाकी गेमचं एका दमात सांगतो. डाइव्हकिक (२०१३) दोन बटणांचा, एका फटक्यात राउंड संपवणारा. पाहुणे जमले असतील तेव्हा एका संध्याकाळीपुरता झकास. स्मॅश ब्रदर्स मी यासाठी वापरणार नाही. तो उत्तम गेम आहे, पण त्यात मागे चालणं म्हणजे ब्लॉक हा पायाच नाही, त्यामुळे इकडे आल्यावर हात कोरेच राहतात. ड्रॅगन बॉल फायटरझेडमध्ये एकच बटण दाबत गेलं की देखणा कॉम्बो (फटक्यांची सलग मालिका) आपसूक निघतो, पण तीन-तीन पात्रांच्या धुमश्चक्रीत नवा माणूस पुन्हा एडीवाल्या पोराच्या जागी येतो.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. ऑफिसमधल्या दुसऱ्याला मी सुरुवातीलाच म्हणालो, "हा शिकण्यापुरता आहे, खरा गेम पुढच्या आठवड्यात." त्याचं मन तिथेच उडालं. बालवाडीत बसवल्यासारखं वाटलं असणार, आणि त्याचं बरोबर होतं. फँटसी स्ट्राइक खराच गेम आहे, त्यात मलाही हरायला होतं. तुम्ही स्वतः मन लावून, जिंकायला खेळा, आणि हरलात की कसे हरलात ते मोठ्याने सांगा: "मी उडी मारली, तू वाटच बघत होतास." समोरच्याला आपली चांगली खेळी ओळखता यावी म्हणून हे फार महत्त्वाचं आहे.

वेळेचं म्हणाल तर फुट्सीजला दोन संध्याकाळी, फँटसी स्ट्राइकला दोन-तीन आठवडे. त्याहून जास्त लांबवू नका. "हा आता धरेल" असं ते खेळता खेळता तोंडाने बोलायला लागले की स्ट्रीट फायटर ६ लावा. आणि तेव्हाही आठवड्यातून एखादी रात्र फँटसी स्ट्राइकसाठी ठेवा, कारण नव्या गेममध्ये पुन्हा हरायला लागल्यावर त्यांना तुमच्याशी बरोबरीने लढता येईल अशी एक जागा हवी असते.

दोघांपैकी कुणाला कसं खेळायला आवडतं, लांबून मारायला की अंगाशी जाऊन, ते कमेंटमध्ये लिहिलंत तर दोन्ही गेममधलं कोणतं पात्र द्यावं ते सांगतो.