‘अचानक बिघडला’ असं मी लिहिलं नाही

प्रश्न असा होता: ‘मी तीन वर्षं मोठ्यांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. पुढच्या महिन्यात लहान मुलांच्या आयसीयूत बदली होतेय. गंभीर आजारी मुलांसाठी कोणती प्रगत कौशल्यं आधी शिकू? कोणता कोर्स करू? आणि नातेवाइकांना हाताळायचं कसं?’

‘हाताळायचं’ या शब्दापाशी अडले, म्हणून लिहायला बसले. एरवी मी इथं फक्त वाचते. लहान मुलांच्या आयसीयूत मला बावीस वर्षं झाली. व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, सेंट्रल लाइन, सक्शन हे सगळं तुम्ही चार-सहा महिन्यांत शिकाल, शिकवणारं कुणीतरी शेजारी असतंच. आईचं म्हणणं ऐकून ते वेळेसकट नोंदवायला मात्र कुणी शिकवत नाही. मला ते एका मुलाच्या जिवावर बेतल्यावर कळलं.

आयसीयूतलं माझं दुसरं वर्ष होतं. तीन वर्षांचा मुलगा, वजन 13 किलो, न्यूमोनिया. बाहेरून द्यावा लागणारा ऑक्सिजन बराच कमी झाला होता, सकाळच्या राउंडनंतर वॉर्डात पाठवायचं ठरलं होतं. रात्री 2:40 ला त्याची आई माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “सिस्टर, यानं माझा कान सोडलाय.”

मला कळेना. मग तिनं सांगितलं, तान्हा होता तेव्हापासून हा तिच्या कानाची पाळी चिमटीत धरूनच झोपतो. झोपेत सुटली तर डोळे न उघडता चाचपडून पुन्हा धरतो. ताप असू दे, हाताला सलाईन असू दे, धरतोच. त्या रात्री तिनं दोनदा त्याचा हात स्वतःच्या कानाशी नेला होता आणि दोन्ही वेळा तो घसरून गादीवर पडला.

मी मॉनिटरकडे बघितलं. सॅच्युरेशन 97, बीपी 94/58. नाडी 168 होती, पण ताप 39 होता, त्यामुळे ती तापाच्या खात्यावर टाकली. पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, “दमलाय हो तो, झोपू दे.” ते पांघरूण मी ज्या पावलांवर ओढलं ती गार होती. अंगात 39 ताप आणि पावलं गार. मी हात लावला नाही.

दहा मिनिटांनी ती परत आली. या वेळी मी इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, बीपी उत्तम आहे की. अंदाजावर डॉक्टरांना उठवायचं नसतं. आईला जरा बाहेर बसव, घाबरलेली आई आपल्यालाही घाबरवते.” मी बसवलं. 3:25 ला पुढची नोंद घ्यायला गेले तर वरचं बीपी 62. पाय गुडघ्यापर्यंत गार, छातीवर बोटानं दाबून सोडलं तर रंग परतायला पाच सेकंद, आणि रात्रभरात लघवी जेमतेम. पुढचा तासभर कसा गेला ते तपशिलात सांगत नाही. शीर सापडेना म्हणून नडगीच्या हाडात सुई घालावी लागली, सिरिंजनं सलाईन ढकललं, अ‍ॅड्रेनलिन सुरू झालं, घशात नळी पडली. आई काचेच्या दाराबाहेर उभी होती आणि कुणीही तिच्याजवळ गेलं नाही. मुलगा वाचला. अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता. तो शुद्धीवर येत होता तेव्हा त्याच्या आईनं मला फक्त एवढंच विचारलं, “मी दोनदा सांगितलं होतं ना?”

तुम्ही मोठ्यांच्या वॉर्डातून येताय म्हणून हे नीट लक्षात घ्या. बीपी चांगलं असलं म्हणजे मूल चांगलं, हा हिशोब विसरा. मुलाचं शरीर शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नसताना, रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी पळवून बीपी फार वेळ धरून ठेवतं, आणि धरणं संपलं की ते एकदम कोसळतं. 13 किलोच्या मुलाच्या अंगात सगळं मिळून साधारण 1 लिटर रक्त, मग राखीव असणार किती? एक ते दहा वर्षांच्या मुलाचं वरचं बीपी 70 अधिक वयाच्या दुप्पट, याच्या खाली गेलं की ते कमी. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला 76. तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधी पावलं गार पडतात, रंग परतायला दोन सेकंदांच्या वर लागतात, लघवी घटते, आणि मूल त्याच्यासारखं वागेनासं होतं. हे शेवटचं लक्षण मॉनिटर दाखवत नाही. ते ज्या माणसाला दिसतं त्याला आम्ही बाहेर बसवतो.

सकाळी मी नोट्समध्ये लिहिलं: ‘2:40, आई सांगते, मुलगा नेहमीप्रमाणे कान धरत नाही, हात खाली पडतो. 2:50, आईनं पुन्हा सांगितलं. हातपाय गार आहेत का, तपासलं नाही.’ इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ते काढ आणि ‘पेशंट अचानक बिघडला’ असं लिही, कान धरणं ही काय नोंद झाली? मी काढलं नाही. महिन्याभरात माझी ओपीडीत बदली झाली आणि परत यायला आठ महिने लागले. त्या शब्दावर माझा अजून राग आहे. ‘अचानक’ म्हणजे बहुतेक वेळा आपण बघितलं नाही.

इन्चार्ज सिस्टरचं दुसरं म्हणणं असं की आई-वडिलांना आत ठेवणं हे नवीन खूळ आहे. ब्रिटनमध्ये प्लॅट समितीनं रुग्णालयातल्या मुलांना आई-वडिलांनी केव्हाही भेटावं अशी शिफारस 1959 साली केली. अमेरिकेत जॅक्सन शहरातल्या फूट रुग्णालयानं तर पुनरुज्जीवन, म्हणजे थांबलेलं हृदय आणि श्वास परत आणायची धडपड, चालू असताना घरच्यांना आत थांबू देण्याचा कार्यक्रम 1982 मध्येच सुरू केला. आणि ज्यांना अजूनही आईचं म्हणणं ‘अंदाज’ वाटतं त्यांनी मार्था मिल्सचं वाचावं. इंग्लंडमधली ही 13 वर्षांची मुलगी 2021 मध्ये सेप्सिसनं, म्हणजे जंतुसंसर्गातून अवयव बिघडत जाऊन, गेली. आई-वडील काळजी बोलून दाखवत होते, ती गांभीर्यानं घेतली गेली नाही. 2024 पासून तिथल्या रुग्णालयांत तिच्या नावाचा नियम लागू व्हायला लागला: घरच्यांना काळजी वाटली तर ते थेट दुसऱ्या टीमकडून तातडीची तपासणी मागू शकतात.

आता तुम्ही विचारलेलं. कोर्स म्हणाल तर आधी पाल्स करा, म्हणजे गंभीर मुलांना सावरण्याचा आणि पुनरुज्जीवनाचा कोर्स. पुनरुज्जीवन करणारे दोघं असाल तर छातीवर 15 दाब आणि 2 श्वास, हे हाताला सवयीचं होईपर्यंत पुतळ्यावर करा. औषधाचा डोस किलोवर निघतो आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट जातो, तेव्हा .5 लिहू नका, 0.5 लिहा, आणि 5.0 कधीच लिहू नका. दुसऱ्या सिस्टरनं तिच्या कागदावर वेगळा हिशोब करावा, तुमचाच बघून मान हलवू नये.

वेदना मोजायला फ्लॅक शिका. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि शांत होणं, प्रत्येकाला 0 ते 2, एकूण 10. बोलता न येणाऱ्या लहान मुलांसाठी आहे. त्यातला पाचवा मुद्दाच बघा, कुणी जवळ घेतल्यावर शांत होतं का. आई बाहेर असेल तर तो गुण तुम्ही देणार कशाच्या आधारावर? बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीच्या सुधारित फ्लॅकमध्ये तर त्या मुलाच्या दुखण्याच्या खास खुणा आई-वडिलांना विचारून लिहून घेतात. सुई टोचताना मुलाला आडवं दाबून धरू नका, शक्य असेल तिथं आईच्या मांडीवर, तिच्या मिठीत बसवून टोचा.

मूल गेलं तर भावंडांशी बोलताना ‘झोपला’ म्हणू नका, ती मुलं रात्री झोपायला घाबरतात. ‘त्याचा मृत्यू झाला, त्याचं शरीर काम करायचं थांबलं’ असं सांगा आणि मग गप्प बसा. त्या शांततेत बसून राहणं मला सगळ्यांत उशिरा जमलं.

काही गोष्टी राहिल्या. श्वासाची नळी अडकली किंवा हृदयाची लय बिघडली तर मूल खरोखर अचानक कोसळतं, तेव्हा वरचं ‘बहुतेक वेळा’ गांभीर्यानं घ्या. प्रत्येक आईची काळजी म्हणजे शॉक नव्हे, तिच्या सांगण्यावरून डोस बदलायचा नसतो, पलंगापाशी जाऊन मुलाला हात लावायचा असतो. पुनरुज्जीवनाच्या वेळी कुणालाही जबरदस्तीनं आत उभं करू नका, आणि जे थांबतील त्यांच्याजवळ समजावून सांगणारं एक माणूस फक्त त्यांच्यासाठी हवं. क्वचित मुलाला घरच्यांकडूनच धोका असतो, तिथं हे सगळं बदलतं. आणि इन्चार्ज सिस्टर हाताच्या चांगल्या होत्या, शीर लावावी त्यांनीच. माझं भांडण त्या एका ओळीपुरतं आहे.

आता प्रत्येक हँडओव्हरनंतर मी घरच्यांना एक प्रश्न विचारते: हा बरा असताना झोपताना काय करतो, उठल्यावर काय करतो? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहिते. परवाच्या नाइटला लिहिलेलं: ‘बेड 4, मुलगी, 5 वर्षं. बाबा सांगतात, जाग आली की आधी डाव्या पायातला मोजा काढून फेकते. झोपेचं औषध काल दुपारी बंद. सकाळी 6:10, मोजा काढला.’