पिंग लागतो, तरी पडदा गोठतो

प्रश्न: व्हीपीएनवरून सर्व्हरला पिंग व्यवस्थित लागतो, एसएसएचने लॉगिनही होतं. पण मोठी लॉग फाइल उघडली की पडदा जागच्या जागी गोठतो. फायरवॉल दोनदा तपासली. घोडं कुठे अडलंय?

उत्तर: याच दुखण्यापायी मी एकदा अख्खी रात्र केबली बदलण्यात घालवली होती. केबली बिचाऱ्या ठणठणीत होत्या!

लहान पॅकेट (डेटाचा गठ्ठा) जातं आणि मोठं अडतं, तेव्हा माझा पहिला संशय एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर. इथरनेटवर तो सहसा १५०० बाइट असतो. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटवर स्वतःचं वेष्टन चढवतो, म्हणून आतल्या मालाला जागा कमी उरते. तुमचा पिंग नेहमीचा, ५६ बाइटांचा. तो कुठूनही निसटतो. त्याला ‘तुकडे करू नको’ असं बजावून १४७२ बाइट पाठवायला सांगा. अडला तर आकडा उतरवत न्या. जो पार होईल त्यात हेडरचे, म्हणजे पॅकेटच्या माथ्यावरच्या माहितीचे, २८ बाइट मिळवा: हा तुमच्या वाटेचा खरा एमटीयू. तोच व्हीपीएनच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहा; नुसत्या कमांडने बदललात तर रीबूटनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आणि फायरवॉल तिसऱ्यांदा बघाच. पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी (नेटवर्कमधले अडचणींचे निरोप पोचवणारा प्रोटोकॉल; पिंगही त्यातलाच) कुणी ‘सुरक्षेसाठी’ बंद केलंय का? ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोप, प्रकार ३ कोड ४, त्याच वाटेने येतो. तो गिळला गेला की पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा धाडत बसतो.