रेट येईल तेव्हा येईल, मस्कतवाल्याला आज लिहा

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि वाटलं, ही तर माझीच २०१८ सालची गोष्ट. तुम्ही लिहिलंय: दुबईच्या प्रदर्शनात गुळाच्या पावडरीचा स्टॉल, तिथं जमलेली ८४ व्हिजिटिंग कार्डं, परत येऊन एकोणीस दिवस झाले, सगळ्यांना एकच मेल टाकला, उत्तर फक्त दोघांचं. त्यातल्या मस्कतवाल्याला पाव किलोच्या पाऊचचा रेट हवाय, पण पॅकिंगवाला रेट देईना म्हणून तुम्ही थांबलात. वर स्टॉलच्या खर्चावरच्या सरकारी अनुदानाची फाईल गळ्यात. आणि विचारलंय की पुढच्या वर्षी परत स्टॉल घ्यावा का.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतचा, हळदीच्या धंद्यातला. आयईसी, एलयूटी, बँकेतला एडी कोड, अपेडाची नोंदणी ही निर्यातीची कागदपत्रं तुमची झालेलीच असणार, त्याशिवाय तुम्ही तिथवर गेला नसतात. त्यावर लिहीत नाही. आणि आधीच सांगतो, मी सीए नाही, सल्लागार नाही. नियम सारखे बदलतात. माझ्या भरवशावर कुठं सही करू नका.

आता माझं ऐका. गल्फूड, म्हणजे दुबईचं खाद्यपदार्थांचं प्रदर्शन, तेव्हा फेब्रुवारीत असायचं. आमच्याकडं तेव्हा हळदीची काढणी आणि शिजवणी ऐन भरात असते, म्हणजे नवा माल हातात नसतो. मी सॅम्पल नेलं ते चुलतभावाच्या घरच्या जुन्या मालातलं. निघायच्या आदल्या रात्री आई आणि मी घमेल्यातून एकसारखी कांडी वेचत बसलो होतो. वाकडं, बारकं सगळं बाजूला. लॅबचा रिपोर्ट करक्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य, त्यावर भाव ठरतो) ३.६ टक्के. ते बघून दुबईच्या देरा भागातल्या एका व्यापाऱ्याकडचा खरेदी बघणारा माणूस, केरळचा, स्टॉलवर तीनदा आला. तिसऱ्या वेळी एक कांडी मोडून दाताखाली धरली आणि हिंदीत म्हणाला, "एक बीस फुट का भेजो, साढ़े तीन से नीचे नहीं चाहिए, रमज़ान से पहले." वीस टक्के ॲडव्हान्स आला. गावात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते.

एका कंटेनरचा माल चुलतभावाकडं कुठून असणार? मोंढ्यातून गोळा केला, पंधरा-वीस शेतकऱ्यांचा. त्यात काहींनी रेट बघून काढणीला घाई केलेली. माल भरायच्या आधी त्या केरळवाल्याच्या सांगण्यावरून लॅबला नमुना दिला, रिपोर्ट आला २.९. रिपोर्ट त्यालाही थेट गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा मेल: रिपोर्ट बघितला, काय करताय?

तो मेल मी परभणी स्टेशनवर वाचला. कारण मी अनुदानाची फाईल घेऊन निघालो होतो. खातं कुठलं, ऑफिस कुठल्या शहरातलं, ते सांगत नाही. ज्यांनी चकरा मारल्यात त्यांना कळेल. स्टॉलचं भाडं आणि विमानाचं तिकीट यातला काही भाग परत मिळणार होता. पहिल्या चकरेत साहेब मीटिंगला. दुसऱ्या चकरेत फोटोत स्टॉलचा नंबर दिसत नाही म्हणून फोटो परत. तिसऱ्या चकरेत बोर्डिंग पास. मी तो प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून रेक्झिनच्या फाईलमध्ये जपून ठेवला होता. एप्रिलचं ऊन, फाईल स्कूटरच्या डिकीत. टेबलावरच्या बाईंनी पास बाहेर काढला, ट्यूबलाइटसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. पूर्ण कोरा. त्या कागदावरची छपाई शाईची नसते, उष्णतेची असते, ती उडते हे मला कुठं माहीत! "यावर नाव कुठंय?" म्हणाल्या. मागचे दोघं हसले.

(ही टीप फुकट घ्या: बोर्डिंग पासचा फोटो आणि झेरॉक्स उतरल्या दिवशीच.)

सहा महिन्यांनी पत्र आलं की तुमच्या नोंदणीची तारीख स्टॉल बुकिंगच्या नंतरची आहे, सबब दावा अपात्र. ती तारीख फाईलच्या पहिल्या पानावर होती हो! पहिल्याच दिवशी कुणी ते पान उघडलं असतं तर माझे तीन हेलपाटे वाचले असते. तिथं बसलेल्या माणसाला महिन्याला पगार मिळतो आणि आपलं दुकान दिवसभर बंद राहतं, हा फरक त्यांना कधी कळायचा? असो. यावर लिहायला बसलो तर रात्र पुरायची नाही.

खरा घोळ ऑफिसनं नाही, मी घातला. त्या मेलला मी अकरा दिवस उत्तर दिलं नाही. पहिले दोन दिवस लाजेनं. नंतर म्हटलं, आधी ३.५ चा माल कुठं मिळतो का बघू, काहीतरी तोडगा हातात आला की मग तोंड दाखवू. हिंगोलीला विचारलं, नांदेडला विचारलं. मधे ती फाईल. त्यानं दोनदा फोन केला, मी उचलला नाही. काय सांगणार होतो? बाराव्या दिवशी लांबलचक मेल लिहिला: पाऊस, मोंढा, लॅब, सगळ्यांची नावं घेतली. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: माल दुसरीकडून घेतला, ॲडव्हान्स परत पाठवा. रमजान त्या वर्षी मेच्या मध्याला लागत होता, त्याला थांबणं शक्यच नव्हतं. माझ्याकडं मोंढ्यातून उचललेला माल पडून राहिला. पुढं तो तोट्यात काढला. आकडा सांगत नाही, घरच्यांनाही नीटसा माहीत नाही.

पुढच्या वर्षी परत गेलो, स्टॉल न घेता, नुसता बघायला. तो केरळवाला दिसला. मी वळून दुसऱ्या गल्लीत जाणार तेवढ्यात त्यानंच हाक मारली, कागदी कपात कडक चहा दिला. म्हणाला, "तुमचा २.९ चा माल मला चालला असता. दळायला घेतला असता, रेट थोडा कमी केला असता. पण त्या दिवशी कळायला हवं होतं. माझा मालक रोज विचारत होता आणि माझ्याकडं सांगायला काही नव्हतं." तेव्हा कुठं डोक्यात शिरलं की माझ्या गप्प बसण्यानं त्याची त्याच्या मालकासमोर शोभा झाली होती. माल कमी उतरला हे तो मालकाला सांगू शकला असता. मी उत्तरच देत नाही, हे कसं सांगणार?

त्याच्याशी आज माझा धंदा आहे, पण पहिला कंटेनर जायला आणखी दोन वर्षं लागली.

आता तुमचं. तुम्ही पॅकिंगवाल्याच्या रेटसाठी थांबलाय आणि मस्कतवाल्याला वाटतंय की बाईंना गरज दिसत नाही. माझ्या त्या अकरा दिवसांसारखंच आहे हे, फक्त तुमचे एकोणीस झालेत.

बाकीच्या कार्डांबद्दल माझं मत जरा तिखट आहे, राग मानू नका. एकच मेल सगळ्यांना म्हणजे लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्यासारखं, कुणालाच वाटत नाही आपल्याला बोलावलंय. माझ्याकडं पहिल्या वर्षी ११२ कार्डं जमली होती. नीट बसून वेगळी केली तर निम्म्याहून जास्त मालवाहतूकवाले, पॅकिंग मशीनवाले, सॉफ्टवेअर विकणारे आणि फुकट सॅम्पल गोळा करणारे. खरे घेणारे निघाले नऊ. तुमच्या ८४ मधले तेवढेच सात-आठ शोधा. आता मी शंभर पानी वही नेतो. कार्ड पानाला स्टेपल करायचं आणि तो माणूस पाठ वळवतो न वळवतो तोच खाली लिहायचं: काय विचारलं, किती म्हणाला, कुठली वस्तू हातात घेतली, कुठं तोंड वाकडं केलं. माझ्या जुन्या वहीवर हळदीचे पिवळे ठसे आहेत, ते बघून आजही आठवतं कोण कुठं उभा होता. तुम्हाला आता आठवेल तेवढं आजच लिहून काढा. पुढच्या आठवड्यात अर्धंही उरणार नाही.

स्टॉल घ्यायचा का? माझं म्हणाल तर एक वर्ष नको. नुसतं तिकीट काढून जा, पायात चांगले बूट घाला आणि त्या सात-आठ जणांना त्यांच्या दुकानात जाऊन भेटा. किंवा आधी दिल्लीचं 'आहार' हे खाद्यप्रदर्शन करा, प्रगती मैदानावर मार्चमध्ये असतं. तिथं चुका केल्या तरी रेल्वेभाड्यात निभावतं. काही जण म्हणतील स्टॉलशिवाय पत मिळत नाही. त्यांचा माल वेगळा असेल, मी माझं सांगतोय.

दोन-चार फुटकळ गोष्टी. कोटेशनवर "सात दिवस लागू" हे लिहाच. २०२३ च्या पावसाळ्यात हळदीचा भाव दोन-तीन महिन्यांत दुपटीवर गेला तेव्हा ज्यांनी हे लिहिलं नव्हतं ते बुडाले किंवा शब्द फिरवून बदनाम झाले. गुळाचं तंत्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण समुद्रावरून जाताना दमट हवेनं पावडरीचे गोळे होतात, तेव्हा पाऊचचा थर कुठला घेताय ते आत्ताच ठरवा. हायड्रॉस (गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून घालतात ती पावडर) न वापरलेला गूळ असेल तर त्याचा लॅब रिपोर्ट घेणाऱ्यानं मागायच्या आधीच जोडा. अरबी लेबलाचा खर्च रेटमध्ये धरा. पहिल्याच मालाला उधारी देऊ नका, कितीही गोड बोलला तरी; निर्यातीचे पैसे बुडाले तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा असतो, पण पहिल्या वेळी ॲडव्हान्सशिवाय मी तरी हलत नाही. आणि दुबईवाल्यांना शुक्रवारी दुपारनंतर फोन करू नका. २०२२ पासून तिथं शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवार अर्धाच. आपलं घड्याळ त्यांच्या दीड तास पुढं असतं, सकाळी साडेनऊला फोन लावलात तर तिकडं आठ वाजलेले असतात.

जागेचं नाव सांगायला लाजू नका. मी पहिल्या वर्षी वसमत म्हणायचो, कुणाला कळायचं नाही, मग नांदेडजवळ, मग हैदराबादच्या वर. आता २०२४ पासून वसमत हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, तर लोक स्वतःहून विचारतात. तुम्ही सरळ लातूर म्हणा, नकाशा दाखवा.

मस्कतवाल्याला मात्र आजच, इतकंच लिहा: पाऊचचा रेट अजून पक्का नाही, पॅकिंगवाल्याकडून गुरुवारपर्यंत येईल, तोवर एक किलोच्या पिशवीचा रेट सोबत आहे, उशीर झाला माफ करा. गुरुवारी रेट नाहीच आला तर गुरुवारी तेही कळवा. फाईल घेऊन त्या ऑफिसला निघाला असाल तर स्टँडवर उभ्या उभ्या मोबाईलवरून हे पाठवा आणि मग गाडीत बसा. बोर्डिंग पासची झेरॉक्स घेतलीय ना?