येळवशीची आंबील

प्रश्न : आजी, पुण्यात येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतपूजेच्या सणाला, आंबील केली, पण नुसत्या ताकासारखी लागली. काय करू?

उत्तर : अगं लेकी, ज्वारीचं पीठ आदल्या रात्री शिजवून पार गार होऊ दे. मगच आंबट ताक, वाटलेलं लसूण-जिरं, मीठ घाल आणि झाकून ठेव. आमच्या लातूरच्या औशाकडं सासूबाई बिंदगीला, म्हणजे आंबिलीच्या मातीच्या घागरीला, चुन्याचे पांढरे नि कावेचे तांबडे पट्टे ओढायच्या. तीच बिंदगी डोक्यावर घेऊन मी शेतात जायची. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पांडव म्हणून पाच दगड मांडले, पूजा झाली, की पहिला पेला गडीमाणसांना. पातेल्यात ती चव उतरतच नाही, म्हणून मातीचं भांडं घेच. आणि भज्जीला, म्हणजे येळवशीच्या मिसळ भाजीला, तुरीचे दाणे ओलेच हवेत. वाळलेले भिजवून चालत नाहीत, मी तरी घालणार नाही.