डब्यावर वेळ लिही

तुझं पत्र दोनदा वाचलं. परळला टाटा हॉस्पिटलच्या ओपीडीत राबणारे तुझे मित्र ‘खरं काम’ करतात, आणि खारघरला टाटाच्याच कॅन्सर संशोधन केंद्रात, ॲक्ट्रेकमध्ये, पीएचडीला लागलेली तू सात महिने ऊतींचे तुकडे गोळा करतेस, लेबलं चिकटवतेस. संशोधन सुरू कधी होणार, असं विचारतेस. अगं, झालंय सुरू. तू ज्याला हमाली म्हणतेस तेच ते. पण तुझ्या चार पानांत वेळेचा उल्लेख एकदाही नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

स्तनाची गाठ निघाली तो क्षण लिहिलास? ऊती टिकवणाऱ्या फॉर्मलिनमध्ये पडली तो? दोन्हींत तासापेक्षा जास्त अंतर नको. पुढे फॉर्मलिनमध्ये किमान 6 तास, जास्तीत जास्त 72. आकडे तुला पाठ असणारच. पण फॉर्मलिन ऊतीत ताशी जेमतेम मिलिमीटरभर शिरतं, चरबीत त्याहून हळू. शुक्रवारी संध्याकाळी अख्खा स्तन न कापता लहानशा डब्यात कोंबला, तर सोमवारी सकाळी तो बाहेरून घट्ट, करडा, अगदी छान दिसतो. सुरी घातली की आतली गाठ गुलाबी आणि लिबलिबीत. कागद म्हणतो साठ तास झाले. गाठीपर्यंत फॉर्मलिन पोचलेलंच नसतं. अशा गाठीत ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनचा रिसेप्टर, खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. एरवी 1 टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरतात. म्हणजे त्या डब्यापायी एखाद्या बाईची टॅमॉक्सिफेनची, हार्मोन रोखणारी गोळी हुकली.

म्हणून त्याच संध्याकाळी काढलेल्या ऊतीच्या कडांना खुणेची शाई, मग पाच ते दहा मिलिमीटरच्या चकत्या, मधे गॉझ, आणि ऊतीच्या दहापट तरी 10 टक्के बफर्ड फॉर्मलिन. शाई आणि सुरी पॅथॉलॉजिस्टची, तुझी नव्हे. संशोधनासाठी नमुने साठवणाऱ्या बायोबँकेला ताजा तुकडा हवा म्हणून शाईआधी कोणी कापलं, तर कडा कुठे होती हे नंतर ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. गाठ पूर्ण निघाली का, हा सर्जनचा प्रश्न तसाच लटकतो. तुकडा मिळाला की गोठवायला द्रव नायट्रोजनमध्ये टाक, आणि वेळ लिही.

लेबल डब्याच्या अंगावर लाव. झाकणावर कधीच नको, झाकणं बदलतात. काचपट्टीवर पेन्सिल, पेनची शाई झायलीन हे द्रावक धुऊन नेतं.

रक्ताचंही तेच. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी कर. खळखळा हलवलीस तर तांबड्या पेशी फुटतात. प्लाझ्मा चार तासांत वेगळा कर, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए सांडतो आणि रक्तात उतरलेला गाठीचा डीएनए त्यात गव्हाच्या पोत्यातल्या मोहरीसारखा हरवतो. गाडी वाशीच्या पुलावर अडकली? अडकू दे. किती वेळ अडकली ते लिही.

आणि ‘साधारण सकाळी’ असलं काही लिहू नकोस! 10.42 असेल तर 10.42. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’. ज्या नोंदवहीत सगळ्या वेळा 10.00 नि 10.30 असतात, ती संध्याकाळी एका बैठकीत भरलेली असते, हे ओळखायला मला आता पान उलटावंही लागत नाही. उमेदीच्या काळात मीही असल्या गोल आकड्यांवर आलेख काढले. ते आज कोणाला दाखवावेसे वाटत नाहीत. म्हणून मुलं मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

मोठं काम बघायचंय ना तुला? तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या लसिकागाठी लगेच काढायच्या की त्यांत कॅन्सर उठेपर्यंत थांबायचं, याचं उत्तर टाटाच्या चाचणीनं 2015 मध्ये दिलं. तीन वर्षांनी लगेच काढलेल्यांपैकी 80 टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी 67.5. हा साडेबारा टक्क्यांचा फरक निव्वळ तारखांतून निघाला: शस्त्रक्रिया कधी, गाठ परत कधी उठली, माणूस शेवटचा हयात असल्याचं कधी कळलं. गावी परतलेल्या पेशंटला फोन लावायचं काम तुझ्याकडे आलं तर तोंड वाकडं करू नकोस. फोन केल्याची तारीख वेगळी आणि तो हयात असल्याची तारीख वेगळी. दोन रकाने ठेव.

ईआर, डीएनए, थीसिसचा विषय, सगळं पुढच्या पत्रात. आधी ओटीतलं, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधलं घड्याळ आणि जिथे ऊती कापतात त्या ग्रॉसिंग रूममधलं घड्याळ यांत किती मिनिटांचा फरक आहे, तेवढं उद्या सकाळी बघून कळव.