विशेष राजदूत, वार्ताकार आणि आपला हेजीब

नाशिकरोडच्या एका वाचकाचा प्रश्न: "'उत्तर कोरियाशी बोलणी करायला अमेरिकेचा विशेष राजदूत' असं सकाळी पेपरात वाचलं. संध्याकाळी टीव्हीवर तोच माणूस 'विशेष वार्ताकार' झाला होता. यातलं बरोबर काय? आणि याला मराठीत एखादा सुटसुटीत शब्द आहे का?"

बरोबर यातलं एकही नाही. सुटसुटीत शब्द आहे, 'हेजीब', आणि तो आपण माळ्यावर टाकून दिलाय.

राजदूत हा दुसऱ्या देशाच्या राजधानीत मुक्कामाला असतो. तिथल्या राष्ट्रप्रमुखाला अधिकारपत्रं देतो, त्याच्यामागे कचेरी, कारकून आणि झेंडा असतो. अमेरिकेचे उत्तर कोरियाशी राजनैतिक संबंधच नाहीत. प्याँगयांगमध्ये अमेरिकी नागरिकाचं काही अडलं तर ते स्वीडनचा दूतावास बघतो. मग हा राजदूत बसणार कुठे? भारताचे त्या देशाशी संबंध १९७३ पासून आहेत, तिथल्या आपल्या माणसाला खुशाल राजदूत म्हणा. पण बातमी मराठीत आणणारी मंडळी परदेशात कुणालाही पाठवलेलं दिसलं की डोळे मिटून 'राजदूत' टाकतात.

आता घोळ कसा होतो बघा. २०२१ मध्ये बायडन यांनी सुंग किम यांना उत्तर कोरियासाठी विशेष प्रतिनिधी नेमलं, तेव्हा ते इंडोनेशियात अमेरिकेचे राजदूत होते आणि ते पद त्यांनी सोडलं नाही. म्हणजे माणूस राजदूत खराच, पण जकार्त्यातला. त्यांच्याआधी २००९ मध्ये नेमलेले स्टीफन बॉसवर्थ एका विद्यापीठातलं डीनपद सांभाळून हे काम करत. १९९८ मध्ये क्लिंटन यांनी माजी संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांना नेमलं, पदाचं नाव समन्वयक. आणि २०२४ च्या डिसेंबरात ट्रम्प यांनी रिचर्ड ग्रेनेल यांचं नाव जाहीर केलं ते 'विशेष मोहिमांसाठी दूत' म्हणून. तिथे विशेष आहेत त्या मोहिमा. मराठीत येताना ते विशेषण टुणकन उडी मारून दूताच्या मानगुटीवर बसतं आणि वर 'राज' फुकटात मिळतं. यातल्या एकालाही उत्तर कोरियातला राजदूत म्हणून नेमलेलं नव्हतं.

'वार्ताकार' तर सरळ हिंदीतून उचललेला. हिंदीत वार्ता म्हणजे बोलणी, तिथे तो शोभतो. आपल्याकडे वार्ता म्हणजे बातमी. बातमी आणतो तो वार्ताहर. उद्या कुणी 'वार्ताकार प्याँगयांगला रवाना' असा मथळा दिला, तर माझ्यासारख्याला वाटणार की आकाशवाणीने माणूस धाडलाय. मराठीत बोलणी करतात, फिसकटवतात, शिष्टाई करतात. अंगदाने लंकेत केली ती शिष्टाई. वैऱ्याच्या नगरीत, एका कामापुरती आणि परतीची खात्री नसताना. पंचवटीच्या गावात तरी ही आठवण करून द्यायला लागू नये.

उरला 'विशेष दूत'. चुकीचा नाही. पण 'दूत' शब्दाची आपण पार रया घालवली. कुंभ जवळ आला तसे घाटावरच्या फलकांवर स्वच्छतादूत, जलदूत, पर्यावरणदूत असे दूतच दूत झाले, आणि त्यातल्या कुणालाही कुणाकडेही पाठवलेलं नसतं. फोटो काढला की दूत. (मखमलाबादकडच्या जुन्या दूधवाल्यांना राजदूत म्हटलं की अजून मोटरसायकलच आठवते. निदान ती रोज कुठेतरी जायची.) व्युत्पत्ती सांगणारेही कमी नाहीत. दूत 'दु' धातूपासून, दु म्हणजे तापणे, म्हणून दूत हा त्रासलेला जीव, असं एक पंडित मला ठणकावून सांगत होते. अहो, धातुपाठात जाणे या अर्थाचाही 'दु' आहे. आणि 'दूर' हा शब्द शेजारी उभा असताना तापाकडे कशाला जायचं?

कौटिल्याने मात्र दूतांची चोख वर्गवारी केली आहे. स्वतःच्या अकलेने बोलणी तडीस न्यायचा अधिकार असलेला तो निसृष्टार्थ. ठरवून दिलेल्या कामापुरता तो परिमितार्थ. नुसता खलिता पोचवणारा तो शासनहर. बॉसवर्थ २००९ च्या डिसेंबरात प्याँगयांगला गेले ते ओबामांचं पत्र घेऊन. परिमितार्थ म्हणा फार तर, त्यातही शासनहराकडे झुकलेला. निसृष्टार्थ या कामाला अजून कुणी पाठवलेला दिसत नाही. पण बातमीत 'परिमितार्थ' लिहा असं मी म्हणणार नाही, संपादक मला शोधत येईल.

मला लिहायचंय ते हेजीबाबद्दल, म्हणजे एका दरबाराने दुसऱ्याकडे बोलणी करायला धाडलेल्या माणसाबद्दल. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांचे पंताजी गोपीनाथ आणि अफझलखानाचे कृष्णाजी भास्कर ज्या नात्याने इकडून तिकडे जात-येत होते, ते नातं हेजिबाचं. आदिलशाही-कुतुबशाही एकमेकींकडे माणसं धाडत ते हेजीबच. आडनावात हा शब्द आजही जिवंत आहे. मूळ अरबी 'हाजिब', धातू ह-ज-ब, अर्थ झाकणे, आड येणे. याच धातूचा 'हिजाब'. हाजिब म्हणजे खलिफाच्या दालनाबाहेर पडद्याशी उभा राहणारा दरवान. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला ताटकळत ठेवायचं हे त्याच्या हातात. पुढे त्याचा मान इतका वाढला की स्पेनमधल्या कोर्दोबाच्या दरबारात हाजिब हाच मुख्य वजीर झाला. आणि खरी मेजवानी पुढे आहे: अरबीत भुवईलाही हाजिबच म्हणतात. डोळ्यावरचा दरवान! (हजामाशी याचा काही संबंध नाही. तो ह-ज-म. मला हे दोनदा विचारून झालंय.)

दाराशी उभा राहणारा माणूस दख्खनमध्ये येऊन परक्या दाराशी जाणारा कसा झाला? माझा तर्क असा. ज्याला आपल्या धन्याच्या पडद्याचे रिवाज पाठ, त्यालाच दुसऱ्याचा पडदा कसा आणि किती बाजूला करायचा ते कळतं. म्हणून पाठवायची वेळ आली की दरवानालाच पाठवत. एका अभ्यासकांनी हा तर्क 'कल्पनेची भरारी' म्हणून मोडीत काढला. त्यांनी २००० सालचा ऑक्टोबर आठवावा. उत्तर कोरियाचे तेव्हाचे सर्वेसर्वा किम जोंग-इल यांनी आपला विशेष दूत म्हणून व्हाइस मार्शल जो म्योंग रोक यांना वॉशिंग्टनला पाठवलं. परराष्ट्र खात्यात ते साध्या सुटात गेले. क्लिंटन यांच्या भेटीला जाण्याआधी कपडे बदलले आणि व्हाइट हाउसमध्ये शिरले ते पदकांनी भरलेल्या लष्करी गणवेशात. कुठल्या दाराशी काय घालून उभं राहायचं हे पुरतं जाणणारा माणूस. याला 'वार्ताकार' म्हणणार?

आणि ज्या देशाने स्वतःभोवती पडदा ओढून घेतलाय, त्याच्याकडे जाणाऱ्या माणसाचं नावच पडद्यावरून आलेलं असावं, याहून नेमका शब्द कुठून आणायचा?

इथे भाषाशुद्धीवाले खवळतात. भगूरच्या सावरकरांनी 'महापौर' दिला, 'दिनांक' दिला, नाशिककर म्हणून मला त्याचा अभिमान आहे. पण त्यांचं नाव घेऊन 'हेजीब परका, हाकला' म्हणणारे स्वतः 'वकील' करतात, 'अर्ज' देतात आणि 'तारीख' पडली की कोर्टात जातात. महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवला तो दाखला माझ्या तोंडावर फेकतात. करवला, मान्य. तरी पेशवाईत दिल्लीला कोण गेलं? वकील!

आणि तो वकील गेला आपल्या नाशिकातून. महादेवभट हिंगणे हे पेशव्यांचे इथले तीर्थोपाध्ये. बाळाजी विश्वनाथांच्या दिल्लीस्वारीपासून त्यांचा तिकडे जम बसला, पुढे मुलांनीही मराठ्यांची वकिली चालवली. चांदोरीला त्यांचा वाडा आहे. ज्याच्यावर काम सोपवलं तो वकील, हा अरबी अर्थ लक्षात घेतला तर उपाध्याचा वकील होण्यात नवल नाही. रामकुंडावर यजमानाच्या वतीने संकल्प सांगणारा माणूस दुसरं काय करत असतो? त्यावर सविस्तर पुन्हा कधीतरी, कारण तिथेही माझं दोघातिघांशी वाजलेलं आहे.

याच वकिलापासून झालेली 'वकिलात' मात्र मोडू नका. 'दूतावास'पेक्षा ती तोंडात छान बसते. प्याँगयांगमध्ये अमेरिकेची वकिलात नाही, हे वाक्य पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे राजदूत का चुकीचा तेही कळेल.

तर नाशिकरोडकर, पदाचं अधिकृत नाव 'विशेष प्रतिनिधी' असेल तर तेच लिहावं, नाहीतर 'विशेष दूत'. आणि मथळ्यात जागा कमी पडत असेल, तर 'विशेष राजदूत' सात अक्षरं खातो. 'हेजीब' तिनात बसतो.