पॅरिश कौन्सिलचा आक्षेप आणि सदस्याचे स्वतःचे घर

प्रश्न : मी इंग्लंडमधील एका खेड्यात राहतो आणि तेथील पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे गावपातळीवरच्या स्थानिक संस्थेचा, निवडून आलेला सदस्य आहे. आमच्या मागच्या कुंपणाला लागून असलेल्या शेतात ८५ घरे बांधण्यासाठी एका बिल्डरने डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे, म्हणजे बांधकामाची परवानगी देणाऱ्या वरच्या संस्थेकडे, परवानगी मागितली आहे. गेल्या बैठकीत आम्ही आक्षेपाचा ठराव केला आणि त्याला अनुमोदन मी दिले. आता बिल्डरच्या वकिलांनी पत्र पाठवून मला मतदानाचा अधिकारच नव्हता असे कळवले आहे. घर पत्नीच्या नावावर आहे. आमचा आक्षेप बाद होईल का? आणि त्या आक्षेपाने बांधकाम थांबेल का?

उत्तर : यातील मतदानाचा मुद्दा आपल्या व्यक्तिगत जबाबदारीशी निगडित असून अधिक निकडीचा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

घर पत्नीच्या नावावर असल्यामुळे आपला त्यात हितसंबंध नाही, असे आपण गृहीत धरलेले दिसते. कायदा तसे मानत नाही. लोकॅलिझम अ‍ॅक्ट, २०११ च्या कलम ३० नुसार पती किंवा पत्नीचा हितसंबंध सदस्याला ठाऊक असेल तर तो सदस्याचाच धरला जातो, आणि कौन्सिलच्या हद्दीतील घर वा जमीन ही नोंदवावयाच्या आर्थिक हितसंबंधांत मोडते. ज्या विषयात असा हितसंबंध आहे त्याच्या चर्चेत भाग घेण्यास आणि मत देण्यास कलम ३१ मनाई करते. अर्ज शेजारच्या शेताचा आहे, आपल्या घराचा नाही, असा युक्तिवाद करता येईल आणि तो अगदीच पोकळ नाही. मात्र कलम ३४ खाली वाजवी कारणाशिवाय केलेला भंग हा फौजदारी गुन्हा असून त्यात दंडाबरोबर पाच वर्षांपर्यंतची अपात्रताही येऊ शकते, त्यामुळे या युक्तिवादाच्या भरवशावर पुन्हा मत देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. असा खटला डायरेक्टर ऑफ पब्लिक प्रॉसिक्युशन्स (सरकारी खटल्यांचे प्रमुख अधिकारी) यांच्या संमतीशिवाय भरता येत नाही, तेव्हा पत्र आले म्हणून लगोलग घाबरून जाण्याचेही कारण नाही. बिल्डरला आपल्या अपात्रतेत फारसे स्वारस्य नसते. कौन्सिलच्या आक्षेपाचे वजन कमी करणे हा अशा पत्रांचा खरा हेतू असतो.

घराची नोंद हितसंबंधांच्या नोंदवहीत झालेली नसेल तर ती डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या मॉनिटरिंग ऑफिसरकडे (सदस्यांच्या आचरणाच्या नियमांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) विनाविलंब करावी. त्या पत्राला किंवा कौन्सिलला कोणताही लेखी खुलासा देण्यापूर्वी मात्र स्वतःच्या सॉलिसिटरला भेटावे. कौन्सिलचा क्लार्क, म्हणजे तिचा कारभार पाहणारा अधिकारी, कितीही जाणकार असला तरी तो आपला वकील नव्हे. या विषयावर आपल्याला बोलायचेच असेल तर कलम ३३ खाली क्लार्ककडे लेखी अर्ज करून या मनाईतून सवलत मागता येते, पण ती देणे न देणे कौन्सिलच्या हाती आहे. रहिवासी म्हणून स्वतःच्या नावाने डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे हरकत नोंदवण्यास आपल्याला कोणतीही आडकाठी नाही. आपण पूर्वीपासून नव्या वसाहतीच्या विरोधात बोलत होता, हा वकिलांच्या पत्रातील दुसरा आरोप मात्र मनावर घेऊ नये. पूर्वी मत व्यक्त केले एवढ्यावरून सदस्याने निर्णय आधीच पक्का करून टाकला होता असे मानू नये, अशी तरतूद त्याच कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे.

ठरावाचे म्हणाल तर पॅरिश कौन्सिल येथे निर्णय देत नाही, केवळ मत कळवते, त्यामुळे आपल्या एका मताने डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा निर्णय आपोआप धोक्यात येत नाही. तरीही आपण बैठकीच्या खोलीबाहेर असताना हाच विषय पुन्हा बैठकीत घेऊन आक्षेप नव्याने मंजूर करून घेणे शहाणपणाचे ठरेल. आक्षेप कळवण्याची मुदत साधारणतः २१ दिवसांची असते. ती उलटली तरी निर्णय होईपर्यंत आलेले मुद्दे बहुधा विचारात घेतले जातात, पण त्यावर विसंबू नये.

आता बांधकाम थांबण्याविषयी. आपल्याकडील ग्रामपंचायतीच्या अनुभवावरून पॅरिश कौन्सिलला नकाराधिकार असेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तो तिला नाही. २००४ च्या प्लॅनिंग अँड कम्पल्सरी परचेस अ‍ॅक्टच्या कलम ३८(६) नुसार निर्णय विकास आराखड्याप्रमाणे व्हावा लागतो, जोपर्यंत अन्य संबंधित बाबी वेगळे सुचवत नाहीत. आपण सोबत जोडलेल्या आक्षेपात घरांच्या किमती घसरतील आणि शेताचे दृश्य जाईल असे दोन परिच्छेद आहेत. ते काढून टाका, कारण या दोन्ही गोष्टी नियोजनाच्या दृष्टीने विचारात घेतल्याच जात नाहीत. शाळेत जागा नाहीत हा मुद्दा खरा असला तरी १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग अ‍ॅक्टच्या कलम १०६ खालील करारात बिल्डरकडून पैसे घेऊन तो बहुतेक वेळा मिटवला जातो. वाहतुकीवरून नकार मिळण्यासाठी रस्त्याच्या सुरक्षिततेवर अस्वीकारार्ह परिणाम किंवा एकूण वाहतुकीवर गंभीर ताण दाखवावा लागतो. ‘रहदारी वाढेल’ एवढ्याने भागत नाही. याउलट शेताच्या खालच्या कोपऱ्यात दर हिवाळ्यात पाणी साचते, असे आपण एका ओळीत उरकले आहे. तोच भाग तारखांसह छायाचित्रे जोडून सविस्तर मांडा.

सर्वांत मोलाची गोष्ट आपल्या पत्रात ओझरती आली आहे : मार्च २०२२ मध्ये मंजूर झालेली नेबरहूड प्लॅन, म्हणजे गावाने स्वतःसाठी तयार केलेली विकास योजना. डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे पाच वर्षांना पुरेल इतकी घरबांधणीची जमीन दाखवता येत नसेल, तर पारडे परवानगीच्या बाजूने झुकते. अशा वेळी डिसेंबर २०२४ च्या राष्ट्रीय नियोजन धोरणानुसार नेबरहूड प्लॅन संरक्षण देऊ शकते, पण ती निर्णयाच्या दिवशी पाच वर्षांहून जुनी नसावी आणि गावाच्या ठरलेल्या गरजेइतक्या घरांसाठी तिने प्रत्यक्ष जागा नेमून दिलेल्या असाव्यात. अर्जाची तारीख येथे उपयोगाची नाही. परवानगी नाकारली गेली आणि बिल्डर अपिलात गेला, तर अपिलाचा निर्णय होईपर्यंत मार्च २०२७ उलटू शकतो, म्हणून योजनेच्या फेरआढाव्याचे काम कौन्सिलने आजच हाती घ्यावे.

परवानगी मिळाली तर मात्र कौन्सिलला अपील नाही. ते केवळ अर्जदाराला आहे. उरतो तो हायकोर्टातील न्यायिक पुनर्विलोकनाचा मार्ग. त्याची सहा आठवड्यांची मुदत डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या नियोजन समितीच्या मतदानापासून नव्हे, तर परवानगी प्रत्यक्ष दिली गेल्यापासून मोजतात. तेथे घरे हवीत की नकोत हे पाहिले जात नाही, निर्णय कायदेशीर रीतीने झाला की नाही एवढेच तपासले जाते. पर्यावरणविषयक दाव्यात हरल्यास समोरच्याचा द्यावा लागणारा खर्च सामान्यतः व्यक्तीसाठी ५,००० आणि संस्थेसाठी १०,००० पौंडांपर्यंत मर्यादित असतो. स्वतःच्या वकिलाचे शुल्क त्यात धरलेले नाही, आणि लहान कौन्सिलच्या वार्षिक अंदाजपत्रकाला तेच जड जाते.